मुंगीभोवतीचे ठिपके

१

दुपारची आवराआवर झाली की त्या घरात डोळ्यांची वेळ व्हायची. हा शब्द तिच्या नवऱ्याने काढलेला. जशी औषधाची वेळ, झोपेची वेळ, तशी डोळ्यांची वेळ. तिची लेक मुंगी कठड्याच्या छोट्या पलंगात झोपलेली असायची, सासूबाई गॅलरीत काहीतरी निवडत बसायच्या, आणि ती जाड काड्यांचा चष्मा चढवायची, साबणाच्या वडीएवढी डबी कमरेला अडकवायची, कानामागे चुंबकाची चकती 'टक्' करून बसवायची. मग अंधारात हळूहळू काजवे पेटायचे.

चष्म्याच्या मधोमध बारीकसा कॅमेरा होता. तो जे पाही ते डबी चाळून काढी, आणि त्यातलं उरलंसुरलं केसाहून बारीक तारांवरून तिच्या मेंदूच्या मागच्या बाजूला विजेच्या हलक्या टिचक्यांनी पोचवी. एका टिचकीला एक ठिपका. डोळ्यांचा यात काही संबंध नव्हता. विसाव्या वर्षी एका तापात डोळ्यांमागच्या नसा वाळून गेल्या होत्या. पण मेंदूतला पाहणारा कोपरा धडधाकट होता, नुसता रिकामा बसून होता. "टपालवाले गेलेत, घर शाबूत आहे," मोठे डॉक्टर म्हणाले होते. "आपण पत्र थेट घरात टाकू." लोकांना थोबाडीत बसल्यावर काजवे दिसतात, तिला त्यासाठी अख्खी कवटी उघडून घ्यावी लागली, असं ती सगळ्यांना सांगायची. लोक हसायचे. ती हसायची नाही, कारण विनोद केल्यावर आपण हसतोय असं दिसतं की रडतोय असं, याची तिला खात्री नसायची.

तिला समुद्र, सूर्यास्त असलं काही बघायचं नव्हतं. तिला मुंगी बघायची होती. वर्ष उलटून गेलेली, हातांनी, नाकाने, ओठांनी पाठ केलेली आपली मुलगी एकदा दिसावी, आणि ती रांगत कुठे जाते, काय तोंडात घालते, हे हात पोचायच्या आधी कळावं. आंधळ्या आईच्या हाती पोराचं कसं होणार, असं लोक तिच्या पाठीमागे बोलत. तिला त्याचं काही वाटत नसे. ती स्वतःला तेच रोज तोंडावर ऐकवत असे.

आणि मुंगी दिसली होती. चेहरा वगैरे नाही. पाच-सहा ठिपक्यांचा एक पुंजका, पाण्याखाली ठेवलेल्या दिव्यासारखा थरथरणारा. तो पुंजका पहिल्यांदा तिच्याकडे सरकत आला तेव्हा ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि तासभर उठली नाही.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात दुधाची बाटली विसळत होती. समोर भिंत होती. हे तिला पक्कं माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्या भिंतीशी कपाळाने ओळख करून घेतली होती. कोऱ्या भिंतीला ठिपके नसतात. कडा असेल, हालचाल असेल, तरच डबी टिचकी मारते.

तरी ठिपके होते. उभ्या ओळी, सारख्या अंतरावर. गजांसारख्या. आणि त्या गजांच्या मागे, खाली, तो ओळखीचा पुंजका. श्वासागणिक किंचित फुगणारा.

नळ तसाच वाहत राहिला. मुंगी पलीकडच्या खोलीत होती. मधे दोन भिंती होत्या आणि एक लावलेलं दार.

२

ती शिकलेली बाई होती. ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकून वाचणाऱ्याच्या चुका काढणं हे तिचं घरबसल्याचं काम. चूक दिसली की आधी शंका स्वतःच्या कानावर घ्यायची, ही त्या कामाची शिस्त. म्हणून तिने आधी डोकं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. कॅमेरा डोक्याबरोबर फिरतो, म्हणजे चित्रही फिरायला हवं. चित्र जागचं हललं नाही. तिने नळ बंद केला. चष्म्यावर तळहात ठेवला. गज तसेच, पुंजका तसाच. मग त्या पुंजक्याने एक गिरकी घेतली आणि त्याचं उशीकडचं टोक पायथ्याकडे गेलं.

भिंतीला हात लावत ती खोलीत गेली. मुंगी उशीकडे पाय करून झोपली होती.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "म्हणजे भिंतीपलीकडचं दिसतं? मग शेजारी काय शिजतंय तेही बघून ठेव."

"थट्टा नकोय. तू तिला घेऊन कुठल्याही खोलीत जा. दार लाव. मी सांगते."

तो गेला. ती दिवाणखान्यात दाराकडे पाठ करून उभी राहिली. "कपाटाला टेकून उभा आहेस. ती तुझ्या खांद्यावर आहे. आता खाली ठेवलीस. आता तिने तुझं... नाक? नाही, कान ओढला."

"आई गं!" आतून आवाज आला. बाहेर येऊन तो कान चोळत म्हणाला, "तुझे कान तिखट आहेत, एवढंच. पाय कुठे वाजले, कपाट कुठे करकरलं, यावरून तू पहिल्यापासून ओळखतेस. आता त्याचं चित्र व्हायला लागलं असेल. मेंदूच तो. रिकामा बसत नाही."

पटण्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला पटवून घ्यायचं होतं, कारण पुढचे काही दिवस तिच्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस होते. ती कपडे वाळत घालायची आणि वाळत घालता घालता लेकीला झोपलेली बघायची. फोनवर बोलायची आणि मुंगी आजीच्या पायांशी खेळताना बघायची. कुठल्या डोळस आईला हे मिळतं? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ती चौकटीवर आपटायची खरी, कारण समोरची चौकट आता तिला दिसतच नसे. दिसायची ती मुंगी आणि मुंगीच्या आसपासचं हातभर जग. पण चौकटी तिला पाठ होत्या. दुपारी घर गप्प असे, पडदा हलत असे, आणि त्या दोन भिंतींपलीकडे पाण्याखालचा दिवा मंद फुगत, मंद विझत राही. तिला वाटे, आपण जागे आहोत की नाही कोण जाणे, पण कुणी उठवू नये.

३

मग एका दुपारी पलंगाशी कुणीतरी उभं होतं.

ती बिछान्याच्या चादरींच्या घड्या करत होती. आधी तिला विशेष वाटलं नाही. जमिनीपासून वर गेलेली ठिपक्यांची एक ओळ, आणि वरच्या टोकाला पुढे झुकलेली. फुलाचा दांडा मानेपाशी मोडावा तशी. कठड्यावरून आत वाकून कुणी झोपलेल्या पोराकडे बघावं, तशी.

"आई, झोपलीय ना ती? उठवू नका हं," तिने हाक मारली.

"मला काय सांगतेस?" सासूबाईंचा आवाज मागून आला. गॅलरीतून. "मी इथे मटार सोलतेय. तुझी मुलगी, तुझं राज्य."

तिच्या हातातली चादर अर्ध्या घडीतच राहिली. ओळ हलली नाही. घाईत नव्हती. आपण पाळणाघरातल्या बाया बघतो ना, ज्यांना कितीही वेळ उभं राहायची सवय असते, तशी ती उभी होती.

चादर टाकून ती धावली. दार ढकललं. आणि उंबऱ्यात पाय पडताक्षणी ठिपके पांगले. समोर राहिले नुसते गज आणि पुंजका. तिने हात फिरवले. कठडा. पडदा. भिंत. भिंतीशी खुर्ची. खुर्चीवर कुणी नाही. कोपऱ्यात हवा, नुसती हवा. मुंगीचा श्वास संथ, मान घामेजलेली, केसांना दुधाचा वास.

"काय गं, काय झालं?" सासूबाई दारात आल्या. त्यांच्या ओच्यातले मटार टपटप सांडले.

"काही नाही. मला वाटलं ती रडली."

तिने माणसं मोजायला घेतली. नवरा आत गेला की दिसे ते रुंद, चौकोनी, भराभर हलणारं. सासूबाई बुटक्या, दोन्ही बाजूंना डुलणाऱ्या. त्या चालल्या की ठिपके नावेसारखे हेलकावत. घरात येणारं तिसरं कुणी नव्हतं. आणि ही ओळ उंच होती. ती रोज यायची असं नाही. पण जेव्हा यायची तेव्हा मुंगी एकटी असायची, आणि कुणीही खोलीत पाऊल टाकायच्या आधी निघून गेलेली असायची.

"कुणीतरी आहे," तिने नवऱ्याला सांगितलं.

तो तिच्याजवळ येऊन बसला. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "अगं, तुझी झोप किती होते? खरं सांग."

४

ठिपक्यांचा नकाशा करणारा माणूस तरुण होता आणि त्याच्या तोंडाला कायम पेपरमिंटचा वास असे. त्याचं खरं पद भलंमोठं होतं. ती त्याला नकाशेवाला म्हणायची. तार कुठलीही असो, तिचा ठिपका कुठे उमटेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ऑपरेशननंतर नकाशा करायचा असतो. समोर एक फळा, फळ्याच्या मधोमध उंच उठलेलं बटण. डाव्या हाताचं बोट बटणावर टेकायचं, न दिसणाऱ्या डोळ्यांनीही त्या बोटाकडेच बघायचं. मग तो एका तारेत टिचकी सोडी. ठिपका जिथे दिसेल तिथे उजव्या हाताचं बोट लावायचं. असं एकेक करत सगळे. "बटणावर बोट, बोटावर नजर," हे तो दर पाच मिनिटांनी म्हणे, बसच्या कंडक्टरसारखं.

तिचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "ताई, नकाशाच्या दिवशी बाळ तुमच्या मांडीवर होतं. आठवतं?"

आठवत होतं. सासूबाईंना ताप होता, नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, मुंगी रडून घर डोक्यावर घेत होती. नकाशेवालाच म्हणाला होता, बसू दे हो, ती काय आड येतेय? आणि मुंगी तिच्या डाव्या दंडावर डोकं टेकून झोपली होती, बटणाच्या अगदी खाली. ती जागी होईल, तिची मान अवघडेल, तिला वायर टोचेल. सकाळभर तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

"मग नजर बोटावर होती का बाळावर?" त्याने विचारलं.

तिचा हात आपसूक डाव्या दंडाकडे गेला.

"तिथेच गडबड झाली. सगळे ठिपके तुम्ही बटणापासून दाखवलेच नाहीत. बाळापासून दाखवलेत. पुढच्या चाचण्यांनाही ती मांडीवरच होती, त्यामुळे मलाही सगळं बरोबरच वाटलं." तो जरा हसला. "माझीच चूक म्हणा. आमच्याकडे नकाशाचा मध्य सरकणं नवीन नाही. पण तो रांगत घरभर फिरतोय, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"पण भिंतीपलीकडचं कसं दिसेल? कॅमेरा तर माझ्या नाकावर आहे."

"दिसत नाहीये हो. मध्य चुकलाय, म्हणून समोरचं चित्र जुळत नाही. जुळत नाही म्हटल्यावर मेंदू आपल्या पदरचं भरतो. आवाज, सवय, काळजी, जे हाताशी असेल ते. पुन्हा नकाशा करू. या वेळी बाळ घरी."

"आणि ती उंच बाई?" बाई हा शब्द तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा गेला.

"दिवसातून किती वेळा वाकता तुम्ही त्या कठड्यावरून?"

"कितीतरी."

"आणि तुम्ही उंचच आहात. विसाव्या वर्षानंतर स्वतःला पाहिलंय कधी?" पेपरमिंट दाताखाली कडकन् फुटलं. "त्या तुम्हीच, ताई."

तिचा जीव भांड्यात पडला. घरी येताना रिक्षात ती स्वतःशीच हसत होती. आपण अशा दिसतो तर. उंच, जरा पोक काढून. आपल्या नसण्यातही आपण तिथे उभ्या असतो. आई म्हणून यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र कोण देणार?

दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत होती. कोपरापर्यंत फेस. ओळ आली, वाकली. या वेळी तिला भीती वाटली नाही. आपलाच जुना फोटो बघावा तसं ती बघत राहिली. ओळीतून एक लहान फांदी फुटली. फांदी गजांवरून आत गेली आणि पुंजक्यावर टेकली. उचलली. टेकली.

त्याच क्षणी दोन भिंतींपलीकडून मुंगीचं हसू ऐकू आलं. झोपेतलं. कुणी पाठीवर थोपटलं की ती हसायची, तसं.

तिचे दोन्ही हात साबणात होते.

ती आत गेली तेव्हा खोली रिकामी होती. मुंगीला दुपटं हनुवटीपर्यंत ओढलेलं होतं आणि दोन्ही कडांनी नीट खोचलेलं. मुंगी दुपटं अंगावर ठेवत नसे. कुणी ते खोचण्याच्या भानगडीतही पडत नसे.

"आई, तुम्ही पांघरूण घातलंत तिला?"

"घातलं असेन बाई," सासूबाई म्हणाल्या. "आजकाल मला काय आठवतं?"

५

नव्या नकाशाच्या दिवशी मुंगी घरी राहिली. नवरा बाहेरच्या बाकावर बसला. आत फळा, बटण, पेपरमिंट, पंख्याची घरघर.

"कॅमेरा बंद केलाय," नकाशेवाला म्हणाला. "आता मी सोडेन तेवढीच टिचकी. बाकी सगळा काळोख दिसायला हवा. आहे ना?"

काळोख नव्हता. घर इथून केवढं तरी लांब, मधे किती रस्ते, किती भिंती. तरी गज होते, पुंजका होता, आणि गजांशी ती उंच ओळ उभी होती. आज लवकर आली होती.

"आहे," ती म्हणाली.

"बटणावर बोट, बोटावर नजर."

तिने मन लावून बोट बटणावर दाबलं. पहिला ठिपका लागला, तिने जागा दाखवली, त्याने नोंदवली. आणि तिकडे, घरात, एक गज विझला. दुसरा ठिपका. पलंगाचा कोपरा गेला. नकाशेवाला कडेकडून मध्याकडे येत होता. एकेक ठिपका नवीन जागी बसत होता, आणि तिच्या घरातली ती खोली शेवटच्या पाहुण्यांनंतरच्या मांडवासारखी दिवा दिवा करून मालवत चालली होती.

हेच तर हवं होतं. नवा नकाशा म्हणजे समोरचा कप समोर दिसणार. रस्ता ओलांडता येणार. मुंगी पहिलं पाऊल टाकेल तेव्हा ते तिच्यासमोर, तिच्या दिशेने पडताना दिसणार. आणि ही जाणार.

जाणार, की दिसायची थांबणार?

"मला एक फोन करायचाय," ती म्हणाली.

सासूबाईंनी बऱ्याच वेळाने उचलला. "झोपलीय गं. मी दाराशीच बसलेय."

"आत जाऊन बसाल? तिच्याजवळ?"

"हो, जाते. पण तू तिकडे लक्ष दे आता. उंटावरून शेळ्या नको हाकूस."

उरल्यासुरल्या ठिपक्यांत सासूबाईंची ती नाव हेलकावत आत आली. आणि त्या उंच ओळीने, या खेपेला, पळ काढला नाही. ती दोन पावलं मागे झाली. म्हाताऱ्या माणसाला वाट करून द्यावी तशी. मग पुन्हा स्थिर.

"बसले बाई," फोनमधून आवाज. "छान झोपलीय. ही खुर्ची मात्र कशी गं कोमट? कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. ऊन येतं वाटतं इथे."

त्या खोलीत ऊन येत नसे. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती.

"आई, तिला कडेवर घ्या."

"झोपलेल्या पोराला?"

"घ्या ना!"

नकाशेवाल्याने घसा खाकरला. तिने फोन खाली ठेवला, बोट बटणावर ठेवलं. पुढचा ठिपका लागला. सासूबाईंचं डोकं विझेल, मग हात, मग हातातली मुंगी. आणि शेवटी कोण उरेल, हे तिला हिशेब न करता कळलं. ओळ अगदी मधे होती. नकाशाच्या मध्याला लागून.

"कुठे दिसला ताई?"

तिने बटणावरून लक्ष काढलं. सगळं लक्ष, जसं त्या दिवशी होतं तसं, डाव्या दंडावर नसलेल्या त्या डोक्यावर ठेवलं. आणि बोट लावलं.

"हा तर जुन्याच जागी आला," तो म्हणाला.

"हाही," ती पुढच्याला म्हणाली. "आणि हाही. राहू द्या. जुना नकाशाच चढवा परत."

"अहो, चुकीचा आहे तो!"

"असू दे."

"मग तुम्हाला रस्ता कधीच दिसणार नाही. समोरचं माणूस दिसणार नाही. एवढं ऑपरेशन कशासाठी केलं मग आपण?"

ती उठली. तिचा आवाज तिलाच शांत वाटला. "मुलीसाठी," ती म्हणाली.

६

 रिक्षा सिग्नलला थांबल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटलं होतं, एक दिवस तू माझ्याकडे बघशील."

तिने त्याचा गुडघा शोधून त्यावर हात ठेवला. सांगण्यासारखं काय होतं? की आपल्या लेकीशी कुणीतरी येऊन बसतं, आणि ते जायचं नाव घेणार नाही. त्याच्यावर नजर ठेवणारी फक्त एक जण आहे, तीही नको का? तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं ऐकू आलं. वेडी असेनही, तिने मनात म्हटलं. वेड्या बाईने मूल सांभाळू नये असा काही नियम असेल तर बऱ्याच घरांची पंचाईत होईल.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सासूबाईंनी मुंगीला मोठ्या पलंगावर आणून निजवलं होतं. "एवढी गाढ झोपलीय," त्या म्हणाल्या, "कडेवर घेतली, खाली ठेवली, पत्ता नाही." त्या चहा टाकायला गेल्या. नवरा त्यांच्यामागून गेला. त्याने कप काढले, एक कप जरा जास्तच जोरात ठेवला.

ती खोलीच्या दाराशी थांबली. चष्मा डोळ्यांवर, कानामागे चकती, जुना नकाशा. आत पुंजका होता. आणि पलंगाच्या पलीकडच्या कडेशी ती उंच ओळ उभी होती.

तिने उंबऱ्यात पाय टाकला. नेहमी इथेच ठिपके पांगत.

पांगले नाहीत.

ती आणखी एक पाऊल पुढे गेली. ओळ वाकलेली नव्हती. पहिल्यांदाच ताठ उभी होती, तिच्याएवढीच किंवा बोटभर उंच, आणि वरचं टोक मुंगीकडे नव्हतं. ते इकडे होतं. त्यात चेहरा नव्हता. तीन-चार ठिपक्यांत चेहरा मावत नाही. पण कुणी आपल्याकडे बघतंय हे कळायला चेहरा लागत नाही, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार? उलट, ते टोक ज्या तऱ्हेने किंचित इकडे, किंचित तिकडे होत होतं ते बघून तिला वाटलं, या बाईलाही नीटसं दिसत नसावं. आपण कुठे आहोत हे तीही चाचपत असावी.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. नवरा आईला काहीतरी दबक्या आवाजात सांगत होता आणि सासूबाई "होईल रे, होईल," म्हणत होत्या. ओरडलं असतं तर दोघंही धावत आले असते. खोलीत दिवा लावला असता, खिडकी उघडली असती, चष्मा काढून घेतला असता. त्यांना रिकामी खोली दिसली असती आणि ते निश्चिंत झाले असते.

ती ओरडली नाही. पलंगाच्या अलीकडच्या कडेला बसली, मुंगीला उचलून छातीशी घेतलं. कोमट, जड, दुधाळ. हे खरं. हात कधी चुकत नाहीत.

समोर ओळ उभीच. वाट बघत. जिला कितीही वेळ उभं राहता येतं, अशी.

बराच वेळ गेला. पडदा हलला, थांबला. मग मुंगीला तसंच धरून ती हळूच उशाकडे सरकली आणि आपल्या शेजारी माणूसभर जागा केली.

ठिपके वाकले. तिच्या शेजारची गादी हलकेच दबली, आणि ती त्या उताराने कणभर तिकडे कलली.

मुंगी झोपेत चुळबुळली. तिने एक हात आईच्या गळ्यात टाकला. दुसरा पलीकडे टाकला, आणि तो हात खाली पडला नाही.